फ्रिजमागचा ट्रिमर

या, असे पुढं या. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत सरकावं; माणसांनी मनात घेतलं की जागा होतेच. आज एक गोष्ट सांगायची आहे. यात खून नाही, दरोडा नाही. पाच यंत्रांपैकी चार मुकी झाली आणि एक बोलत राहिलं, एवढीच गोष्ट. पण ते एक काय बोलत होतं हे कळायला तीन दिवस लागले, आणि तेवढ्या वेळात एका मुलीचं पोट आणि नाव दोन्ही टांगणीला लागलं होतं. कान इकडे द्या.

१

सोमवारी सकाळी पार्लरचं शटर अर्ध्यावरच थांबलं होतं. गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून. मॅडमनी प्रवासाची निळी बॅग टेबलावर उपडी केली, पाच यंत्रं ओळीनं मांडली आणि एकेकाचं बटण तीन सेकंद दाबत गेल्या. बॅगेत धक्का लागून आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून या यंत्रांना कुलूप असतं. तीन सेकंद दाबलं की उघडतं.

केस वळवायचा कर्लर. गप्प.

चेहऱ्यावरची सूज उतरवायचा मसाजर. गप्प.

वाफेचा फवारा, गप्प. चेहरा धुवायचा ब्रश, तोही गप्प.

पाचवा ट्रिमर. बटण दाबताच तो भुंग्यासारखा घुमायला लागला आणि घुमतच राहिला: पूर्ण भरलेला.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "काल हीच तऱ्हा. दोन वर्षं आजारी असलेली गायिका पहिल्यांदा रंगमंचावर येणार. औषधांनी तोंड सुजलेलं, केस आत्ता कुठं बोटभर वाढलेले. बाई आरशासमोर विश्वासानं बसल्या, आणि आमच्या हातात ही चार लाकडं! वायर लावून चालवावीत तर चार्जिंग चालू असताना ही चालत नाहीत. बाई मला म्हणाल्या, 'राहू दे.' तशाच उठल्या. आठ गाणी म्हणायची होती, तीन म्हटली आणि घरी गेल्या."

कोपऱ्यात टॉवेलमावशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. चौदा वर्षं ती या पार्लरचे टॉवेल धूत होती, वाफवत होती. तिची थोरली बहीण गेल्याला अकरा महिने झाले होते. तीस वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. बहीण गेली त्या दिवसापासून मावशीच्या आत काही हलत नव्हतं. रडू नाही, राग नाही, भूकही घड्याळ बघून. लोक म्हणायचे, मावशी सावरली बरं का! मावशी सावरली नव्हती. थांबली होती.

"चार्जिंगचं काम कुणाचं?" मॅडमनी विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

चिमणी पुढं आली. सव्वीस वर्षांची, अंगानं एवढीशी, कामाला सात महिने झालेले. "माझं. मी शनिवारी सकाळी नऊला गेस्ट हाऊसच्या खोलीत पाचही लावली होती, मॅडम. एकाच बोर्डावर, ओळीनं. देवाशपथ."

"आणि ट्रिमर फ्रिजमागे कसा गेला?"

"मी नाही नेला. संध्याकाळी आलो तर तो तिथं होता."

"म्हणजे साफसफाईवालीनं हात लावला. त्याबद्दल गेस्ट हाऊसवाल्यांना मी कालच फोनवरून चांगलं ऐकवलंय. पण तिनं हात लावला एकाला. बाकीची चार काय तिनं पिऊन टाकली?" मॅडमचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "गुरुवारपासून येऊ नकोस. आणि दुसऱ्या पार्लरवाल्यांनी विचारलं, तर मी जे झालं तेच सांगणार."

गावातल्या अकरा पार्लरवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यावर एकदा पडलं की त्या मुलीला कात्रीसुद्धा कुणी हातात दिली नसती.

२

दुपारी चिमणी टॉवेलांच्या पडद्यामागे येऊन बसली. रडत नव्हती. हात मांडीवर, नजर भिंतीवर, ओल्या कपड्यासारखी गार. मावशीला तिची दया आली असं नाही. दया यायला आत काहीतरी हलावं लागतं. पण हे असं बसणं मावशीच्या ओळखीचं होतं.

"टॉवेल घे," मावशी म्हणाली. "घड्या घालता घालता बोल. शनिवार सगळा सांग. चुकलं ते पण."

"शुक्रवारी बाईंच्या चेहऱ्यावर सगळं करून पाहिलं, तेव्हा पाचही उतरली होती. शनिवारी दिवसभर आम्हाला सभागृहात राहायचं होतं, तिथल्या दिव्यांखाली रंग कसा दिसतो ते बघायला. म्हणून सकाळीच चार्जिंगला लावली."

"रात्री का नाही लावली?"

"मावशी, असं काय करता? मॅडमचा नियम."

खरंच की. जुन्या दुकानात एकदा चार्जर रात्रभर राहिला, बॅटरी फुगली आणि खालचा टॉवेल जळाला. तो टॉवेल मावशीनंच फेकला होता. तेव्हापासून भिंतीवर पाटी: झोपताना चार्जर काढा. बॅटरी पार रिकामी होऊ देऊ नका. भरली की लगेच कुलूप लावा, पुन्हा चालू करून बघू नका.

"संध्याकाळी सहाला आलो," चिमणी सांगत होती. "पाचही बत्त्या विझलेल्या. म्हटलं, छान."

"विझलेल्या म्हणजे छान कसं?"

"आपल्या यंत्रांचं तसंच आहे ना. चार्ज होत असताना बत्ती लागते, भरलं की विझते. दिवा लावायच्याही आधी मी काढली, कुलपं लावली, बॅगेत ठेवली. चालू करून बघायचं नाही हा नियमच. खोली मात्र भट्टीसारखी तापली होती. मी एसी चालू ठेवून गेले होते, तो बंद."

"तो कुणी बंद केला?"

"तीच असेल. साफसफाईवाली."

मावशीनं टॉवेलाची कड जुळवली. "आणखी?"

चिमणीनं हातातला टॉवेल खाली ठेवला. पडद्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "एक गोष्ट मॅडमना सांगितली नाही मी."

३

गोष्ट अशी होती. त्या गेस्ट हाऊसमध्ये दाराशी भिंतीला एक खाच होती. खोलीचं कार्ड त्यात घातलं की खोलीची वीज चालू, काढलं की बंद. पाहुणा कार्ड घेऊन बाहेर पडला की दिवे आपोआप विझावेत, ही मालकाची काटकसर.

"मग चार्जिंग कसं व्हायचं दिवसभर?" चिमणी म्हणाली. "म्हणून खोलीचं कार्ड काढून त्या जागी मी आपल्या पार्लरचं सवलतीचं कार्ड खोचलं. तसं करायला तिथं बंदी आहे, म्हणून मॅडमना बोलले नाही. पण मावशी, दिवे चालू राहिले! एसी चालू, बोर्डावरच्या बत्त्या चालू. सगळं बघून मगच दार ओढलं. संध्याकाळी आले तेव्हा कार्ड खाचेत तसंच होतं."

"ही युक्ती तुझ्या डोक्यातली?"

"शिडीताईनं शिकवली."

शिडीताई म्हणजे पार्लरमधली सगळ्यात जुनी कारागीर. उंचीमुळं हे नाव पडलं, आणि तिनंही ते कौतुकानं मिरवलं. गायिकाबाईंचं काम आधी तिच्याकडे होतं. चिमणीचा हात हलका म्हणून मॅडमनी काढून तिला दिलं होतं. गेस्ट हाऊसमधली तिची खोलीही शेजारचीच. आता सांगा, संशय कुणावर जाईल?

मावशी कोमट टॉवेल घेऊन शिडीताईच्या खुर्चीपाशी गेली. मान दुखते म्हणून ती रोज दुपारी मानेवर टॉवेल घ्यायची.

"शनिवारी तू मध्येच खोलीवर गेली होतीस का गं?"

शिडीताई टॉवेलाखालून हसली. "आली का चौकशी? मावशी, तुम्ही पोलिसात जायचं सोडून टॉवेलात कुठं अडकलात? दिवसभर मॅडमच्या बाजूला बसून होते, त्यांनाच विचारा. माझं काम त्या चिमुरडीला दिलं याचा मला राग आहे, लपवत नाही. पण राग आला तर मी तोंडावर बोलते. यंत्रांचा गळा दाबत नाही."

"कार्डाची युक्ती तूच दिलीस."

"दिली. वीस वर्षं बाहेरगावची कामं करतेय. लॉजच्या त्या खाचेत कार्ड काय, पुठ्ठा घाला, कंगवा घाला, खालचं बटण दाबलं गेलं की वीज चालू. कधी दगा नाही."

राहिले भावजी. मॅडमचे दीर, गाडी तेच चालवत, बॅगा तेच उचलत. मावशीनं नुसतं "शनिवारी" एवढाच शब्द काढला आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"चूक झाली मावशी. पण वहिनीला सांगू नका."

४

"बॅगेतली पॉवर बँक मी घेतली," भावजी म्हणाले. "गाडीत बसून मॅच बघत होतो. फोन पिऊन गेला सगळी. रंगपटातला एकुलता प्लग आरशाच्या दिव्यांना गेलेला; ती असती तर रविवारी तासाभरात निदान मसाजर तरी चालला असता, नाही का? दोन दिवस घास उतरत नाही माझा."

"घास उतरत नाही आणि ढेरी कशी उतरत नाही?" मावशी म्हणाली. स्वतःच्या तोंडून थट्टा निघाली याचं तिला जरा नवल वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

पॉवर बँक कशी रिकामी झाली ते कळलं, पण यंत्रं का रिकामी राहिली हे कळलं नव्हतंच. मंगळवारचा अख्खा दिवस मावशीनं टॉवेल धुतले आणि मनात एकच गोष्ट पिळत राहिली. तिचं डोकं हळू चालायचं, पण मागं फिरायचं नाही. मन बधिर असलं की एक बरं असतं: त्याला कुणाची बाजू घ्यायची नसते.

ज्याला वाईट करायचं आहे त्यानं काय केलं असतं? बोर्डाचं एक बटण बंद केलं असतं. एक बोट, एक क्षण. पाचही यंत्रं मेली असती. कुणाला पत्ता नाही.

पण इथं कुणीतरी एक यंत्र उचललं. फ्रिजपर्यंत नेलं. फ्रिज भिंतीला चिकटलेला, प्लग खाली जमिनीलगत. म्हणजे तो माणूस गुडघ्यावर बसला, हात मागे घातला, चाचपडत जागा शोधली आणि ट्रिमर लावला. आणि तोच तेवढा भरला.

वाईट करणारा माणूस कशाला गुडघे टेकेल?

आणि फ्रिजच का? बोर्डात जे नाही असं फ्रिजच्या प्लगात काय आहे?

मावशी वाफेच्या पेटीसमोर उभी होती. पाहुणा कार्ड घेऊन बाहेर पडतो. दिवे जातात, एसी जातो. पण पाहुण्यानं फ्रिजमध्ये दूध ठेवलेलं असतं. ते नासत नाही.

तिनं पेटी बंद केली, हात पुसले आणि मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, चौदा वर्षांत मी काही मागितलं का?"

मॅडमनी मान वर केली. "नाही. का?"

"आज मागते. उद्या गाडी काढा. आपण सगळ्यांनी त्या खोलीत जायचं."

५

दोन तासांचा रस्ता. भावजींनी रेडिओ लावला आणि वहिनींनी एक नजर टाकताच बंद केला.

खोली तशीच होती. पांढरी चादर, टेबल, छोटा फ्रिज, दाराशी खाच. मॅनेजर काउंटरवरून कार्ड द्यायला आला आणि काय चाललंय ते बघायला दारातच थांबला.

"चिमणे," मावशी म्हणाली, "शनिवारी केलंस तसं कर. एक गोष्ट गाळू नकोस, एक वाढवू नकोस."

चिमणीनं खोलीचं कार्ड खाचेत घातलं. दिवे लागले. एसी चालू केला. चार मुकी यंत्रं बोर्डाला लावली; चार बत्त्या लागल्या. तिनं खोलीचं कार्ड काढलं, त्या जागी पार्लरचं सवलतीचं कार्ड खोचलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

दिवे चालूच होते.

"बघा!" चिमणी म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला. "मी म्हटलं नव्हतं?"

"मग काय केलंस?"

"सगळं बघितलं, बाहेर गेले, दार ओढलं."

"दार ओढू नकोस. इथंच उभी राहा." मावशीनं डोळे मिटले आणि सावकाश देवाचं नाव घ्यायला लागली. एका श्वासाला एक. टॉवेल वाफवताना ती असंच मोजायची. हे मोजमाप तिच्या सवयीचं होतं. एक. दोन. तीन. शिडीताईनं भावजींकडे पाहून खांदे उडवले. सात. आठ. मॅनेजर पाय बदलून उभा राहिला. नऊ.

दहाव्या नावाला खोली विझली.

दिवे गेले. एसीनं एक सुस्कारा टाकला आणि तो थांबला. बोर्डावरच्या चारही बत्त्या गेल्या. त्या शांततेत एकच आवाज उरला: कोपऱ्यातला फ्रिज गुरगुरत होता.

"नवीन यंत्रणा आहे," मॅनेजर दारातून म्हणाला, अगदी सहज. "मागच्या वर्षी बसवली. आपलंच कार्ड ओळखते. दुसरं काही घातलं तर अर्ध्या मिनिटानं वीज तोडते. पाहुण्याला दार शोधायला उजेड मिळावा म्हणून तेवढी सवड."

शिडीताई पलंगाच्या कडेवर बसली. "बाई गं. मीच शिकवलं तिला. त्या जुन्या खाचा..."

"आणि दिवे बघूनच ती बाहेर पडली," मावशी म्हणाली. "तिनं दार ओढलं आणि मागं वीज गेली. संध्याकाळी आली तेव्हा बत्त्या विझलेल्या. वीज नाही म्हणून विझलेल्या. तिला वाटलं, भरल्या म्हणून विझल्या. चालू करून बघावं तर तुमची पाटी आडवी आली. मॅडम, तुमची काळजी खरी, हिची काळजी खरी, शिडीची युक्तीही एकेकाळी खरी. तिन्ही शहाणपणं एका खोलीत भेटली आणि वाटोळं झालं."

मॅडमनी विझलेल्या बोर्डावरून चारही यंत्रं स्वतः काढली. मग चिमणीकडे वळल्या. "मी तुला जे बोलले, ते मागे घेते. उद्या दहाला नेहमीसारखी ये. गायिकाबाईंकडे मी स्वतः जाऊन सांगेन, चूक कुणाची ते." जरा थांबून म्हणाल्या, "ती पाटीही काढते."

"पाटी असू दे," चिमणी म्हणाली. "बॅटरी खरंच फुगतात." आणि मग ती रडली. अगदी लहान पोरासारखी, नाक ओढत. शिडीताईनं तिला कुशीत घेतलं. तिचं डोकं जेमतेम शिडीताईच्या बरगडीला लागत होतं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण फ्रिज अजून गुरगुरत होता.

६

"मग ट्रिमर?" मॅडमनी विचारलं.

मावशी मॅनेजरकडे वळली.

"हां, ते," मॅनेजर म्हणाला. "सांगत होती ती साफसफाईवाली काहीतरी. म्हणाली, साफसफाईला आत आले, माझं कार्ड घातलं तेव्हा बत्त्या लागल्या, म्हणजे पाहुण्यांचं सामान सकाळपासून चार्जच होत नव्हतं म्हणे. मी माझं कार्ड काढून त्यांचं परत खोचून निघाले की पुन्हा बंद पडणार. फ्रिजची वीज तेवढी कायम चालू असते, तिथं एक भोक रिकामं होतं, म्हणून एक तरी लावून ठेवलं. काउंटरवर निरोपही दिला म्हणाली. आता काउंटरवर दिवसाला शंभर निरोप येतात."

"तिला बोलवा," मॅडम म्हणाल्या. "मला तिच्याशी बोलायचंय."

"कुणाला?"

"त्या बाईला."

मॅनेजर गोंधळला. "तिला काढलं ना आम्ही. रविवारीच. तुमचा फोन आला होता की! पाहुण्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मी तिला विचारलं, नियम ठाऊक आहे ना? म्हणाली, ठाऊक आहे. मग संपलंच."



"राहते कुठं?" मावशीनं विचारलं.

"या बायका ठेकेदार पाठवतो."

"नाव?"

मॅनेजरनं आठवून पाहिलं, खरोखर मनापासून आठवून पाहिलं. "आम्ही मजल्यावरून हाक मारतो. ती दुसरा मजला."

भावजींनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला, रविवारी दोन बाया सुटल्या आणि सोमवारी तीन नव्या आल्या, तुम्ही कुठलीची गोष्ट करताय? मॅडमनी फोन हातात घेतला, तिला परत कामावर घ्या म्हणाल्या, चूक आमची होती म्हणाल्या, आणि पलीकडून तो "हो हो, बघतो" म्हणत राहिला. पुढचे दोन बुधवार मॅडम आणि चिमणी गाडी घेऊन त्या गावात फिरल्या. बाई सापडली नाही. सापडायला विचारणार काय? उंच होती की ठेंगणी, तेही मॅनेजरला आठवत नव्हतं.

मावशीला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगा, वाटलं नाही. तिनं वाटून घ्यायचा प्रयत्न केला आणि आत काही हाती लागलं नाही. ती टॉवेल धूत राहिली. पण जे आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याकडे मागायला लाज कसली, असं म्हणून तिनं ही गोष्ट भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. तशीच ती इथवर आली.

तर मंडळी, घरी जाऊन हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच. त्यांच्यामध्ये थोडी जागा करा आणि हिलाही बसवा. नाव ठाऊक नाही, नसू दे. ज्याच्यापाशी सगळी नावं पोचतात त्याला कळेल. दुसऱ्या मजल्यावर हातातला झाडू भिंतीला टेकवून, नियम ठाऊक असताना, कधी न पाहिलेल्या परक्या मुलीच्या कामासाठी गुडघे टेकून एक रिकामं भोक शोधणारी बाई. एवढं म्हणा. तिची आठवण ठेवा.